भिंतीवरचा धाकटा

इंदुमतीचा डोळा लागतो न लागतो, तोच स्वयंपाकघरात कुणीतरी माठातून पाणी काढल्याचा आवाज येतो. भर दुपारी वीज गेलीय, कूलर बंद आहे, आणि ती उशाला हात घेऊन फरशीवर पडलीय. सकाळीच ती सुधारगृहात जाऊन आली. तिचा पोरगा हर्षल भेटीची वेळ संपेपर्यंत जाळीपलीकडे मान खाली घालून बसला होता.

"काकू, मीच आहो," आतून आवाज येतो. "उठू नका जी."

ती उठते. माठाजवळ प्रज्योत उभा आहे. वस्तीतल्या घरांच्या वरच्या ओळीतला प्रज्योत, ज्याला होळीच्या आधी हर्षलनं सुरा मारला. त्याची तिरडी नेली तेव्हा तिनं खिडकीच्या फटीतून पाहिलं होतं. बाहेर पडायची छाती झाली नव्हती. तो मेलाय हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी मनात पहिल्यांदा येतं ते एवढंच, की पोरगं किती वाळलं.

ती चहा विचारते. तो नको म्हणतो. दर रविवारी ती नाल्याकाठी साफसफाई करणाऱ्या या पोरांना चहा करून द्यायची. नाल्याकाठच्या त्या मोकळ्या जागेवरून वरची ओळ आणि तिची खालची ओळ यांच्यात कैक वर्षं डोकी फुटत आली होती. तिथं होतं काय, तर कचऱ्याचा ढीग, अंधार, दारूच्या बाटल्या, आणि भिंतीवर बसून पोरांना चिथावणारी चार मोठी माणसं. प्रज्योतनं दोन्हीकडच्या पोरांच्या हातात फावडी दिली. ढीग उपसला गेला, दिवा लागला, व्हॉलीबॉलची जाळी आली. संध्याकाळी बाया तिथून बिनघोर जाऊ लागल्या. मग एकदा खेळताना हर्षल आणि प्रज्योतमध्ये शब्दाला शब्द वाढला, आणि भिंतीवरच्यांपैकी कुणीतरी हर्षलच्या मुठीत सुरा दिला.

मागचं दार उघडून प्रज्योत बाहेर पाऊल टाकतो, पाठोपाठ ती. बाहेर अंगण नाही, सुधारगृहातली भेटीची खोली आहे. बाकांवर कुणी नाही. पुरानंतर पुलाच्या कठड्याला अडकाव्यात तशा जाळीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात. प्रज्योत एकेक सोडवू लागतो. तीही लागते. एक निघाली की तिच्यामागं दुसरी.

"लय दुखलं का रे?" तिच्या तोंडून निघून जातं.

"आता नाही दुखत."

"हर्षलवर राग आहे तुझा?"

तो एका पिशवीची गाठ सोडवतो. "त्यानं मले पाह्यलंच नाही, काकू. मी समोर होतो, पण तो भिंतीकडं पाहत होता. ते लोक पाहून रायले का नाही, म्हणून."

ती आधाराला जाळी धरायला जाते, तर हाताला दगड लागतात. ती नाल्याकाठची भिंत आहे. ढीग पुन्हा कमरेइतका झालाय, दिवा फुटलाय. प्रज्योत गेल्यापासून कुणा आईनं आपलं पोरगं इकडं पाठवलेलं नाही. भिंतीवर एकटा सुयश बसलाय, प्रज्योतचा धाकटा भाऊ, अजून मिसरूडही न फुटलेला.

"रोज इथंच बसते," प्रज्योत म्हणतो. "हर्षल सुटाची वाट पाहते. धाकट्याच्या खिशात काय आहे ते मले विचारू नका."

मग त्याला सांग ना बाबा, ती काकुळतीला येते. प्रज्योत मान हलवतो. कितीदा सांगितलं, पण धाकट्याला आपला आवाजच जात नाही. आईलाही नाही.

"तुमालेच ऐकू येते, काकू. तुमी जा."

ती हात जोडते. वरच्या ओळीत तिला कोण उभं करील? त्याच्या आईच्या दारात ती कोणत्या तोंडानं जाईल? दुसरं कुणीतरी बघ, ती विनवते, माझं कोण ऐकणार.

"मी झोपेतच येतो, अन् दुसऱ्या कोणाले झोपच लागत नाही," तो म्हणतो.

आणि गुडघे टेकून तो ढीग उकरू लागतो, नुसत्या हातांनी. कोपरापर्यंत आत जातो, मग खांद्यापर्यंत. ती त्याचं मनगट धरते. ते निसटतं. ती ओणवी होऊन आत हात घालते, चाचपडते, जिवाच्या आकांतानं त्याला हाक मारते. ढिगातून ओ येत नाही. भिंतीवरचा सुयश मात्र मान वळवून सरळ तिच्याकडं पाहतो.

तिला जाग येते. कूलर घरघरतोय. तिचा उजवा हात कोपरापर्यंत काळ्या गाळानं माखलाय. गाळ ओला आहे, त्याला नाल्याची घाण येतेय, आणि बोटांवरून तो फरशीवर ठिबकतोय.

ती मोरीत जाते. डाव्या हातानं तांब्या उचलते आणि तसाच भरलेला खाली ठेवते. बाहेर उन्हात चिटपाखरू नाही. गाळाचा हात लुगड्यापासून लांब धरून, चपला न घालता, ती वरच्या ओळीच्या दिशेनं चालू लागते.