रुटाईल मॅडम

रुटाईल मॅडमना शिकवताना हुंकार लागायचा. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं द्यावा, तसा. दोन वाक्यं बोलून त्या थांबायच्या, वर्गाकडे बघायच्या आणि बाकांवरून कुणाचं तरी "हूं" आल्याशिवाय खडू पुन्हा फळ्याला टेकवायच्या नाहीत. नांदेडच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्राला मुलं मोजकीच. दुपारच्या तासाला सगळे पेंगत असले की वर्ग नुसताच गप्प राहायचा. मग त्या काकुळतीनं म्हणायच्या, "हूं म्हणा रे. कुणी ऐकून राहिलंय का न्हाई, मला कसं कळावं?" पोरं कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायची. पण थांबलेल्या त्या क्षणात मॅडमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते नकलेत कुणालाच आणता आलं नाही.

नाव त्यांना आमच्या आधीच्या कुठल्या तरी बॅचनं दिलेलं. कुठलाही दगड हातात आला की त्या पहिल्यांदा त्यात रुटाईल शोधत. टायटॅनियम आणि ऑक्सिजन, एवढंच त्या खनिजात असतं. पण मॅडमच्या तोंडून ऐकताना ते नात्यातलं कुणी वाटायचं. लालसर तपकिरी रंग, अंगावर उभ्या रेघा, हिऱ्याच्या जवळ जाणारी चमक. दोन स्फटिक कोनात जुळले की दुमडलेल्या गुडघ्यासारखे दिसतात, हे सांगताना त्या खरंच स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवत. "घराला पांढरा रंग देता ना, त्याचा पांढरेपणा ह्याच ऑक्साईडचा," असं म्हणून वर्गाच्या पोपडे आलेल्या भिंतीकडे बोट दाखवत. आणि ठरलेलं वाक्य यायचं, "दगड झिजतो, त्याची माती होती. हे लवकर हार मानत न्हाई. नदीनं कुठून कुठं नेलं तरी वाळूत सापडतंय."

आमच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट. त्यात टायटॅनियम असतं, पण ते लोखंडाबरोबर इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजात गुंतलेलं. डोळ्यांना दिसेल असं रुटाईल त्यात मिळत नाही. बेसाल्टचा धडा मॅडम भराभर उरकायच्या. त्यांचं गाव किल्लारी, एवढं आम्हाला ठाऊक होतं. भूकंपानंतर त्यांना मामांनी नांदेडला आणलं. मामा कचेरीत नोकरीला होते, त्यांनीच शिकवलं. लग्न त्यांनी केलं नाही आणि गावाकडे परत कधी गेल्या नाहीत. याहून जास्त विचारायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या वर्षाला त्यांनी आम्हाला बिलोलीकडे नेलं. तिकडे बेसाल्ट संपतो आणि खालचा जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नीस दगड वर येतो. मांजरेच्या काठी मॅडमनी पदर खोचला आणि पाण्यात उतरून घमेल्यात वाळू घोळवायला लागल्या. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून गेली, तळाशी काळपट जड चिमूटभर राहिली. तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं. चिकटायचे ते काळे कण चिकटले. मागे जे उरलं त्यातला एक लाल ठिपका त्यांनी नखावर घेऊन उन्हात धरला. त्या दिवशी त्या चक्क हसत होत्या.

मग शबाना, माझी मैत्रीण, टेकाडावरून ओरडत आली. "मॅडम, देखो तो! ह्याच्यात केस हायेत!" तिच्या हातात क्वार्ट्झचा काचेसारखा तुकडा होता आणि आत सोनेरी तांबूस, केसाइतक्या बारीक सुया. आम्ही सगळे भोवती गोळा झालो. मॅडमनी तो घेतला आणि होत्या तिथेच दगडावर बसल्या. हसू गेलं होतं.

"केस न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "रुटाईल आहे. हे आधी तयार झालं. मग क्वार्ट्झ त्याच्या भोवतीनं वाढला आणि त्याला आत कोंडून घेतलं." यावेळी त्या हुंकारासाठी थांबल्या नाहीत. तुकडा शबानाच्या ओंजळीत ठेवून बसकडे चालू लागल्या. एवढा सुंदर नमुना, पण विभागाच्या कपाटात त्यांनी तो ठेवू दिला नाही.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी प्रॅक्टिकल चालू असताना जमिनीतून गुरगुर आली आणि टेबलावरच्या काचपट्ट्या एकमेकींवर वाजल्या. धक्का हलकाच होता. आम्ही किंचाळत जिना उतरलो. खाली मोकळ्या जागेत आल्यावर शबाना म्हणाली, "मॅडम कुठं हायेत?"

आम्ही दोघी वर गेलो. मॅडम टेबलाची कड धरून वाकल्या होत्या आणि फरशीकडे बघून हळू आवाजात बोलत होत्या. "हूं म्हण ना, आई. एकदा हूं म्हण."

आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं. त्या आपणहून बोलू लागल्या. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद, सगळं एकदम अंगावर आलेलं. त्या एका पोकळीत अडकल्या. आई पलीकडे, दिसत नव्हती, पण होती. "आई म्हणली, तू बोलत राहा, मी हूं म्हणती. मी शाळेतलं, मैत्रिणींचं, जे सुचंल ते सांगत राहिले. ती हूं म्हणत राहिली. मग फटीतून उजेड आला आणि हूं येईना. मी तरी बोलतच राहिले. मला वाटलं, झोपली." त्यांनी ओठ पुसले. "लोकांनी दगड काढले तवा आधी तिचे केस दिसले."

शबाना रडायला लागली. मॅडमनीच तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले. एका सुट्टीच्या दिवशी मॅडमचा फोन आला, "किल्लारीला येतीस का माझ्यासंगं?" लातूरहून आम्ही जीपनं गेलो. नव्या गावात त्या थांबल्या नाहीत. जुन्या जागी बाभळी माजलेल्या, मधूनच भिंतींचे ढीग. एका बुजलेल्या विहिरीवरून अंदाज घेत त्या चालत गेल्या आणि एका ढिगाशी उभ्या राहिल्या. वाकून एक काळा दगड उचलला, पिशवीत घातला. परतीच्या वाटेवर पिशवी मांडीवर होती. मी घेते म्हटलं, तर दिली नाही.

तो दगड त्यांनी स्वतः कापला. त्याची चकती काचेवर चिकटवली, खरखरीत भुकटीवर घासत घासत इतकी पातळ केली की काळ्या दगडातून उजेड पलीकडे गेला. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ बसल्या.

"बघ," त्या बाजूला होत म्हणाल्या. "काय दिसतंय?"

"फेल्डस्पारच्या पांढऱ्या-करड्या पट्ट्या. पायरोक्सीनचे रंग. इल्मेनाइटच्या काळ्या काड्या."

"अजून?"

"अजून काही नाही, मॅडम."

"मला बी न्हाई दिसलं." त्यांनी दिवा बंद केला. "इतकी वर्षं वाटत होतं, ह्या दगडानं काहीतरी धरून ठेवलं असंल. तिचा आवाज तरी." काचपट्टी काढून घेत म्हणाल्या, "दगडाला काही ठाऊक नसतंय, पोरी. आपणच उगं त्याच्या तोंडाकडं बघत बसतो."

पुढच्याच वर्षी त्या आजारपणात गेल्या. मामांच्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा अंगणात त्यांचे किती बॅचचे विद्यार्थी उभे होते. त्यांच्या काचपट्ट्या विभागात आल्या, त्यात किल्लारीच्या दगडाची तीही होती.

दरवर्षी बेसाल्ट शिकवताना मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. मुलं एकेक करून डोळा लावतात. ध्रुवित प्रकाशात पायरोक्सीन निळा, जांभळा, नारिंगी होत जातो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "लई भारी दिसतंय मॅडम! कुठला दगड हाय?"

"लातूर जिल्ह्यातला बेसाल्ट," मी म्हणते आणि पुढच्या मुलाला जागा द्यायला सांगते. गावाचं नाव अजून मला वर्गात घेता आलेलं नाही.