सासूबाईंनी घेतलेला उपास

सासूबाई गेल्यानंतरची ही पहिली संकष्टी. लिहायला बसले आणि शहापूरच्या त्या दवाखान्यातलं लाकडी बाक आठवलं.

पहिलं बाळ माझ्या पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला मी गणपतीला बोलले होते की बाळ हाती येईपर्यंत संकष्टीला पाणीसुद्धा घेणार नाही. नववा महिना लागला आणि संकष्टीच्या सकाळी पोटातली हालचाल मंदावली. सासूबाई मला आटगावहून दवाखान्यात घेऊन आल्या. सिस्टरने पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून कागद सरकत राहिला, पण बाळ हलेना. "काही खाल्लंय का?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "खाऊन या, मग पुन्हा बघू. तरीही हललं नाही, तर डॉक्टर ठाण्याला पाठवतील."

बाहेर बाकावर मी रडत बसले. नवस मोडला तर बाळ जाईल, खाल्लं नाही तरी जाईल, असं वाटत होतं. शेजारी धसईची एक अनोळखी बाई होती. तिने डबा उघडला. आत गुळाची पेज होती.

"लेकीला आणलीवती. तिचं शिजर झालंय, आज खायला द्यायचं नाय म्हणतात. तू घे गो."

"माझा उपास आहे."

"मंग पोटातल्याचा पन हाय काय?"

सासूबाई हसल्या नाहीत. उपासाच्या बाबतीत त्या फार कडक. त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत घातलं, आपली ओंजळ खाली धरली आणि म्हणाल्या, "सोड. तुझा उपास आता माझा. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन."

मी त्यांच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि पेज प्यायले. सिस्टरने पुन्हा पट्टा बांधला आणि थोड्याच वेळात आतून अशी लाथ बसली की पट्टाच सरकला. ती हसली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भुकेली होती." मुलगीच झाली. धसईच्या त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं.

तो उपास सासूबाईंनी शेवटपर्यंत केला, मला कधी परत दिला नाही. आज सकाळी मी देवापुढे ओंजळीत पाणी घेतलं आणि तो मागून घेतला. पूर्वी उपास धरताना माझी मागणी तयार असायची. आज काहीच मागावंसं वाटलं नाही. पाणी सोडलं आणि लेकीसाठी पेज शिजत घातली.