आधी रेघ, मग आभाळ

कसबा बावड्यातले आमचे पंपमिस्त्री बिघाडाची हकिकत कधी पुरती ऐकत नाहीत. "थांबा की पावणं," म्हणत कानावर खोचलेला खडू काढतात.

माझ्या दुर्बिणीचा ऑटोफोकस महिनाभर लागत नव्हता. फोटोत चांदण्यांचे नुसते पिठाचे ठिपके. मी सॉफ्टवेअर तीनदा बदललं होतं. शेवटी दुर्बीण उचलून त्यांच्याकडे नेली. त्यांनी फोकसची मोटर आणि ती फिरवते तो दांडा या दोन्हींवरून एकच रेघ ओढली.

"फिरवा."

रेघेचे दोन तुकडे झाले.

"मोटर फिरतीया, दांडा जाग्यावरच हाय!"

जोडाचा बारका स्क्रू त्यांनी आवळला. दुर्बीण साखर कारखान्याच्या धुराड्याकडे वळवली, तर फोकस आपसूक लागला. शिडीच्या पायऱ्याही मोजता येत होत्या. मी हुश्श करत रेघ पुसायला गेलो.

"ऱ्हाऊ दे. परत सुटलं तर तीच सांगंल."

हल्ली मी आभाळाआधी ती रेघ बघतो.