पौषातलं वऱ्हाड

साठनंतरच्या त्या वर्षांत मी नंदुरबारच्या तारऑफिसात कारकून होतो. तिथलं हे घरातसुद्धा कधी बोललो नाही. आता लिहितो.

तापीकाठच्या एका गावातले गुजर शेतकरी एकत्र कापूस विकायचे. वॅगन सुटली की त्यांचे म्होरके तात्या सुरतेच्या व्यापाऱ्याला तार करत. पण तार पोचते न पोचते तोच नंदुरबारचाच एक अडत्या सुरतेत आपला माल ओतून भाव पाडी. त्याला बातमी देणारा मी होतो. पैसे नाही घेतले. तो पेढीवर गादीवर बसवून चहा द्यायचा आणि 'साहेब' म्हणायचा, एवढंच.

बातमी फुटते हे तात्यांनी ओळखलं आणि लग्नाची भाषा बांधली. 'वऱ्हाड निघालं' म्हणजे वॅगन सुटली, 'मानपान कळवा' म्हणजे भाव सांगा. मलाही काही उमगेना. मार्गशीर्षात हे निभावलं. मग एके दिवशी पोस्टमास्तरांनी तार वाचली आणि चष्मा काढला.

"तात्या, पौषात कुणाचं लग्न काढलंत?"

कापसाच्या घाईत महिन्याचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. गुप्त भाषेतली तार राज्याबाहेर पाठवायला तेव्हा मनाई होती, आणि सुरत तर आता गुजरातेत. त्यांनी तार परत केली.

तात्या माझ्या खिडकीशी आले. "मन्हा कापूस शे, चोरीना माल नही. सरकारलेच इचारूत. लिख अर्ज."

अर्ज मीच लिहिला. उत्तर आलं : परवानगी देता येईल, मात्र शब्दांचे अर्थ स्थानिक तारकारकुनाकडे द्यावेत.

"मंग तुन्हाकडेच ऱ्हाई. बेस शे!" तात्यांनी खिशातून कागद काढला.

मला हात पुढे करवेना. "माझ्याकडे नको, तात्या. मागच्या बातम्या मीच फोडल्या."

कागद तात्यांच्या हातातच राहिला.

"कशावर?"

"चहावर."

"जेवन तरी मांगाले पाहिजे व्हतं, येडा!" ते हसले नाहीत. कागद परत खिशात गेला. "आते हाईच अर्जमा लिख."

नोकरीच जाईल, असं वाटलं. तरी लिहिलं : या ऑफिसातून मजकूर बाहेर गेलेला आहे, तेव्हा अर्थ वरच्या कार्यालयात सीलबंद राहावेत. तो मजकूर माझ्याकडून गेला, हेही लिहून खाली सही केली. पोस्टमास्तरांनी वाचून विचारलं, "घरी सांगितलंस का?" हो म्हणालो. सांगितलं नव्हतं.

मला तारेवरून उठवून टपालाच्या तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. बढती अडली, नोकरी राहिली. आणि तात्यांना परवानगी मिळाली, त्यांनी मागितली होती तशीच.

पुढच्या पौषात त्यांची तार शेजारच्या टेबलावरून गेली. शब्द सगळे नवे. नव्या कारकुनाने मोठ्याने वाचून मोजले, तेव्हा कानावर पडलेच. एकाचाही अर्थ लागला नाही. फार बरं वाटलं.

आठवड्याने तात्या माझ्या खिडकीशी आले. पोस्टकार्डं मागितली, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "भाव भेटी गया, भाऊ."