शेवंतीचे एकोणीस फोटो

डब्लिनमध्ये आल्यावर पहिले आठ महिने गिरिजा सबनीसने शहर असं पाहिलंच नव्हतं. ओंगार या उपनगरातलं भाड्याचं घर, औषधांच्या कारखान्यातली लॅब, सुपरमार्केट आणि परत घर. रस्ता चुकण्याची तिला लहानपणापासून धास्ती. इथे चुकलं तर विचारायची सोय नव्हती, कारण माणसं भराभर बोलायची आणि तिला निम्मंच कळायचं.

घरात तिच्यासोबत माधवी राहायची. माधवी पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, घरूनच काम करणारी. कुत्रा पाळायची हौस गिरिजाची. शर्यतीतून बाद झालेल्या ग्रेहाउंडना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेतून दोघींनी पिवळसर रंगाची, लांब तोंडाची एक कुत्री आणली. संस्थेला दिवसभर घरी असणारं माणूस हवं होतं, म्हणून फॉर्मवर माधवीचं नाव लागलं आणि कुत्रीच्या मानेत बसवलेल्या, मालकाची नोंद असलेल्या चिपवरही तेच.

"नाव कुणाचंही असू दे गं, ती आपल्या दोघींची," माधवी म्हणाली होती.

गिरिजाने रंगावरून तिला शेवंती म्हणायला सुरुवात केली.

शेवंतीला शर्यतीच्या मैदानापलीकडचं काहीच ठाऊक नव्हतं. ती जिन्याला भ्यायची, बसला भ्यायची, दुकानाच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःलाही भ्यायची. तिला धीर द्यायचा तर गिरिजाला आधी स्वतःची भीती लपवावी लागे. एका शनिवारी दोघी कालव्याच्या काठाने क्लॉन्सिलाहून कॅसलनॉकपर्यंत गेल्या. पुढच्या शनिवारी आणखी थोडं पुढे. मग ट्रेनने थेट शहरात. स्मिथफील्ड चौकाच्या दगडी फरशीवर शेवंती अर्धा तास बसून राहिली, उठेचना. सॅन्डीमाउंटला ओहोटीच्या वाळूवर गिरिजाने पट्टा सोडला तेव्हा ती अशी सुटली की लांबचे लोक थांबून पाहू लागले. कुत्रीशी बोलायला माणसं थांबत आणि मग गिरिजाशीही बोलत. कुठून आणली, नाव काय, नावाचा अर्थ काय. गिरिजाचा कान त्या बोलण्याला सरावला. दीड वर्षात ती नव्याने आलेल्या मराठी मंडळींना रस्ते सांगू लागली.

मार्चमध्ये तिच्या भावाचं, सिद्धांतचं, नागपूरला लग्न होतं. ती एकोणीस दिवस गेली. माधवी रोज सकाळी शेवंतीचा एक फोटो पाठवायची. गिरिजा तो लग्नघरात सगळ्यांना दाखवायची.

ती परतली तेव्हा दाराशी कुणी धावत आलं नाही. हॉलमधलं शेवंतीचं अंथरूण नव्हतं. माधवी किचनमध्ये खोक्यांना टेप लावत होती. स्लायगोच्या हॉस्पिटलमधल्या आशिषशी तिचं लग्न ठरलं होतं आणि महिनाअखेरीला ती तिकडे जाणार होती, हे गिरिजाला माहीत होतं.

"शेवंती कुठे आहे?"

"बस ना आधी. चहा ठेवते."

"माधवी, शेवंती कुठे आहे?"

"पोर्टलीश गावाजवळ एका माणसाकडे दिली. मोठं अंगण आहे. मी गेल्यावर तू दिवसभर कामावर असणार, ती एकटी काय करणार?"

"कधी दिलीस?"

माधवीने टेप खाली ठेवली. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि फोटो?"

"आधीच काढून ठेवले होते. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. आणि कागदोपत्री ती माझीच होती, गिरिजा."

गिरिजा वर खोलीत गेली आणि फोनमधले फोटो एकेक करून पाहू लागली. अंगणात काढलेल्या सहाही फोटोंत मागचं डॅफोडिलचं फूल तेवढंच अर्धं उमललेलं होतं. कुत्री गेली याचं दुःख होतंच. पण त्या फोटोंना आपण रोज हसून उत्तर दिलं, "माझ्यातर्फे कान खाजव तिचे" असं लिहिलं, आणि माधवीने "खाजवले" असं कळवलं, हे तिला सहन होईना.

सकाळी तिने पत्ता मागितला. माधवीने तो दिला, पण म्हणाली, "तिथे जाऊन तमाशा करू नकोस."

पोर्टलीशजवळच्या त्या घराचं दार उघडणारे डेलेनी निवृत्त बसचालक होते, घरात एकटेच. त्यांच्या मागे निळा कोट घातलेली शेवंती उभी होती. तिने क्षणभर पाहिलं आणि मग येऊन सगळं अंग गिरिजाच्या पायांवर टाकून दिलं.

"मला सांगितलं होतं की हिला फिरवणारी बाई कायमची भारतात गेली," ते म्हणाले.

"मी भावाच्या लग्नाला गेले होते."

 त्यांनी शेवंतीच्या कोटाची बटणं नीट लावली आणि पट्टा गिरिजाच्या हातात दिला. त्यांना कुत्रीची सवय झाली होती, हे दिसत होतं. "खोटं सांगून दिलेलं मी ठेवून घेणार नाही," ते म्हणाले.

ओंगारला परतल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या शर्वाणी नावाच्या मुलीच्या आईने रोज दुपारी शेवंतीला बाहेर काढायचं एकदा विचारताच कबूल केलं. माधवीने हेच विचारलं असतं तरी पुरलं असतं. चिपवर गिरिजाचं नाव चढलं. माधवीने खाली मान घालून सही केली आणि दोन दिवसांत ती स्लायगोला गेली. लग्नाचं आमंत्रण आलं, त्यात "शेवंतीलाही आण" असं होतं. गिरिजाने उत्तर दिलं नाही.

सप्टेंबरमध्ये स्मिथफील्डला गिरिजा आणि माधवी समोरासमोर आल्या. शेवंतीने माधवीला ओळखलं, शेपटी हलवत पुढे झाली. माधवी खाली बसली, तिचे कान खाजवू लागली, डोळे पुसू लागली.

"अजून रागावली आहेस?" तिने विचारलं.

"रागाचं काही नाही," गिरिजा म्हणाली. "तू काही सांगितलंस की आता मला ते खरं वाटत नाही, एवढंच."

माधवीचं शेवंतीचे लाड करून होईपर्यंत गिरिजा थांबली. मग पट्टा ओढून घेऊन नदीच्या दिशेने निघाली.