दोन दारांच्या कपाटातली बंदूक

बंदुकीला माझ्या थोरल्या मामांइतका घाबरणारा शिकारी अख्ख्या शिराळा तालुक्यात झाला नसेल. लग्नात ते सनईवाल्याच्या समोरसुद्धा बसत नसत; नळी दिसली की हे बाजूला. एसटीत शेजारी कोणी सापडला, की इस्लामपूर येईपर्यंत नळी का फुटते यावर प्रवचन चालायचं. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते, आतून गंज खातो, छर्रे दारूवर नीट टेकत नाहीत आणि मधे पोकळी राहते. सगळ्यात वाईट म्हणजे, भरलेल्या बंदुकीतच कोणीतरी पुन्हा दारू ठासतं. ऐकणारा बिचारा मान डोलवत राहायचा.

आज दोघंही मामा नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थोरल्यांचं धाकट्या मामांशी बांधावरून वाजलं आणि बोलणंच बंद झालं. घर, ऊस, म्हशी, सगळ्याची वाटणी झाली. आजोबांची ठासणीची बंदूक तेवढी वाटता येईना, कारण परवान्यावर दोघांचंही नाव. मग मधल्या भिंतीतल्या कपाटाला दोन्हीकडून दारं आणि कुलपं लागली. उसात शिरणाऱ्या रानडुकरांवर एक दिवस यांनी, एक दिवस त्यांनी पहारा करायचा असं ठरलं, तेही मामींच्या मार्फत.

एकदा थोरल्या मामांनी बंदूक भरली, डुकरं आलीच नाहीत, आणि रिकामी करायच्या कंटाळ्यानं यांनी ती तशीच कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी काही न विचारता वर आणखी ठासली. नशीब, डुकरं त्याही दिवशी फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी थोरल्या मामांनी सवयीप्रमाणे नळीत दारू ठासायचा गज सोडून पाहिला, तर एकदा भरलेल्या नळीसाठी गजावर केलेली खूण कितीतरी वर राहिली. मामांनी बंदूक अलगद अंगणात आडवी ठेवली.

"काल डुकरं आली असती तर माझा भाऊ माझ्या हातनं गेला असता," ते मामींना म्हणाले.

त्या दिवसापासून बंदूक ठेवताना ते कपाटात तोंड घालून सांगायचे, "भरल्याली हाय," नाहीतर "मोकळी हाय." पलीकडून "बरं" यायचं. एवढंच. पण मामी म्हणायच्या, तेवढ्यानंही त्यांना एक भाकरी जास्त जाते.

मग निवडणूक लागली आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. गाव डुकरांच्या काळजीत, मामा भलत्याच. रोज संध्याकाळी रिकामं कपाट उघडायचे आणि पुन्हा लावायचे. मी सुट्टीला गेलो होतो. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. शेवटी एकदा घसा खाकरून ते आत म्हणाले, "बंदूक ठाण्यात हाय."

पलीकडून धाकट्या मामांचा आवाज आला, "व्हय दादा, ठावं हाय. जेवलास का?"

थोरले मामा कपाटात डोकं घालून तसेच उभे राहिले, आणि चुलीवरची भाकरी करपली तरी मामींनी त्यांना हाक मारली नाही.