होडीचा रंग आणि आबांचे सात मासे

आबांचे सातही मासे मी एका दिवसात मारले. आणि पाण्याचं प्रदूषण हा माझ्या सरकारी नोकरीतला विषय आहे.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेली, खाडीत मासाही मिळेनासा झाला, तेव्हा होडी विकून ते आमच्याकडे गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहायला आले. इथे त्यांच्याशी बोलायला वेळ कोणाला? मी ऑफिसात, बायको ऑफिसात, लेक इरा फोनात. म्हणून त्यांनी बाल्कनीत सिमेंटची टाकी ठेवून मासे पाळले. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी गप्पा! सगळ्यांत जाड मासोळीचं नाव मंगल, म्हणजे माझ्या आईचं. (आईला हे आवडलं नसतं.)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा आठ दिवस माझ्या बहिणीकडे नोएडाला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माशांना खायला घाल. बाकी काही करू नकोस."

मी नेमकं बाकीच केलं!

"बाबा, टाकीत किती काई झालीये, यार!" इरा म्हणाली.

"शेवाळ म्हणावं गं."

"तेच. साफ करा ना!"

घासलं, तर तीन दिवसांत पुन्हा हिरवं. मग मला माळ्यावरचा डबा आठवला. होडीच्या बुडाला लावायचा तांबडा रंग! होडी विकली, तरी उरलेला अर्धा डबा आबांनी आठवण म्हणून जपला होता. तो लावला की होडीला शेवाळ धरत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. कोकणातला माणूस मी, मला कोण शिकवणार! मासे बादलीत काढले, टाकीला आतून रंगाचे दोन हात दिले, वाळवली, पाणी भरलं, मासे सोडले. वर फोटो काढून बहिणीलाही पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरा ओरडली, "बाबा, मासे उलटे का झोपलेत?"

चार गेले होते. हवा कमी पडली असेल म्हणून मेट्रोने करोल बाग गाठलं, पंप आणला. तोवर आणखी दोन गेले. मंगल तेवढी धापा टाकत होती. तिला बादलीत घेतलं आणि टाकीतलं पाणी घाईघाईने बाल्कनीच्या मोरीत सोडून दिलं. ते पाणी थेट सोसायटीच्या कमळतळ्यात जातं, ही माहिती मला सेक्रेटरींच्या फोनवरून मिळाली.

"भाईसाहब, आपने क्या बहाया है? तालाब में मेंढक मर रहे हैं!"

संध्याकाळी मंगलही गेली.

आबा काळा चष्मा लावून परतले. रिकाम्या टाकीवरून त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला.

"होडीचा रंग?"

"शेवाळ धरू नये म्हणून, आबा."

"अरे, शेवाळाला मारतो तो माशाला सोडेल?" त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. मग हळूच म्हणाले, "मी तरी काय वेगळं केलं? दर वर्षी हाच फासला. आणि मासा मिळेना तर म्हणायचो, खाडी रुसली."

मला रडूच आलं. आईला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी ऑफिसात या रंगांवरची एक जुनी फाइल शोधून काढली. होड्यांच्या रंगातलं तांबं पाण्यात उतरतं आणि माशांचा जीव घेतं, असं बावीस पानं समजावलेलं. शेवटच्या पानावर शेरा: 'पढ़ा। सहमत।' मी त्या पानाचा फोटो आबांना दाखवला. निदान कबुली तरी द्यावी!

आबांनी चष्मा काढला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि खालची माझी सही लगेच ओळखली.

"ऑपरेशन चुकीच्या माणसाचं झालं रे," ते म्हणाले.